फिरता एल-पॅड, सिमेंटचे रेझिस्टर की ट्रान्सफॉर्मरचा नॉब? घरातल्या स्पीकरच्या पातळ्या जुळवणाऱ्या वस्तूंचं परीक्षण

एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर, हॉलमध्ये स्पीकरची एक जोडी आणि पुढे कधीतरी डायनिंगमध्ये लावलेली दुसरी. पुण्यातल्या फ्लॅटमधली गाण्याची व्यवस्था बहुतेक वेळा अशीच वाढते, आणि दुसरी जोडी लागली की कटकट सुरू होते. हॉलमध्ये पुरेसा आवाज ठेवावा तर डायनिंगमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तिकडचा बेताचा करावा तर हॉलमध्ये गायक पुटपुटतो. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरची पातळी मेनूतून बदलता येते. साध्या ॲम्पवर व्हॉल्यूम एकच आणि बॅलन्स फक्त डाव्या-उजव्यापुरता. मग ॲम्प आणि स्पीकर यांच्या मधल्या वायरीतच काहीतरी बसवावं लागतं.

हे काहीतरी तीन रूपांत मिळतं: फिरवायचा एल-पॅड (दोन रेझिस्टरनी, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या भागांनी, आवाज उतरवणारा नॉब), दोन स्थिर रेझिस्टर जोडून घरीच केलेला एल-पॅड, आणि भिंतीवर बसवायचा ऑटोट्रान्सफॉर्मरचा (एकाच वेटोळ्याच्या ट्रान्सफॉर्मरचा) नॉब. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. फिरता एल-पॅड मोजमापासाठी घ्यावा, कायमचा बसवू नये. कायमची तफावत काढायला स्थिर रेझिस्टर. रोज कमी-जास्त करायच्या खोलीला ट्रान्सफॉर्मर, पण तो ॲम्प तपासल्यावरच.

दुकानात जाण्याआधी

या तिन्ही वस्तू आवाज फक्त कमी करतात, वाढवत कोणीच नाही. त्यामुळे सगळ्यांत हळू वाजणारा स्पीकर हा पाया धरायचा आणि बाकीचे त्याच्या पातळीला उतरवायचे. किती उतरवायचे हे कानाने ठरवायला जाऊ नका. मोठा आवाज नेहमी 'चांगला' वाटतो आणि अंदाज हमखास चुकतो.

ॲम्पवरचे बास-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, बॅलन्स मध्यावर ठेवा. छताचा पंखा बंद करा. पात्यांमुळे आवाज थरथरतो आणि वाऱ्याचा आवाज मापात शिरतो तो वेगळाच. रस्त्यालगतच्या घरात हे काम रात्री उशिराच होतं. ५०० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीचा सळसळता आवाज) वाजवा. पूर्ण पट्ट्याचा घेतला तर खोलीतला बास आकडे नाचवतो. फोनवरच्या ध्वनिमापक ॲपमध्ये सी-वेटिंग आणि स्लो ही मोजणीची सेटिंग निवडा, फोन हातात न धरता बसल्यावर कान येतो त्या उंचीवर स्टँडला लावा, आणि एका वेळी एकच स्पीकर वाजवून ७० ते ७५ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आसपास वाचन घ्या. फोनचा आकडा खरा नसतो, पण आपल्याला दोन स्पीकरमधला फरकच हवा आहे आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो.

फरक कुठून येतो हेही पाहायला हवं. स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात संवेदनशीलता छापलेली असते. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डीबी, असा तो आकडा. ८५ डीबीचा जुना बुकशेल्फ आणि ९१ डीबीचा छतातला स्पीकर एकाच ॲम्पवर लावले तर ६ डीबीची तफावत मुळातच आहे. बुकशेल्फला तेवढाच आवाज काढायला चौपट शक्ती लागेल. वायरीवर मात्र फार खापर फोडू नका. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर ओढली तर जाऊन-येऊन साधारण ०.३५ ओहम होतात आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ०.४ डीबीही जात नाही.

डावा-उजवा फरक दिसला तर आधी दोन्ही स्पीकरची अदलाबदल करा. फरक स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा. जागेवरच राहिला तर ॲम्पवर डाव्या-उजव्या वायरी बदला: आता बाजू बदलली तर ॲम्प, नाही बदलली तर खोली. हॉलची एक बाजू गॅलरीकडे उघडी आणि दुसरीकडे सलग भिंत, असं असलं की १ ते २ डीबी सहज जातात. त्यासाठी काही विकत घ्यायचं कारण नाही. बॅलन्सचा नॉब तेवढ्यासाठीच दिलेला असतो, आणि स्पीकर थोडा आत वळवूनही बरंच जमतं.

पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकांची जोडणीही तपासून घ्या. ॲम्पपासून वायर सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर वूफरचा कोन बाहेर यायला हवा. जोडीतला एक उलटा जोडलेला असेल तर बास गायब होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही. 'एका बाजूचा आवाज कमी येतो' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

फिरता एल-पॅड

तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास नुसता 'स्पीकरचा व्हॉल्यूम' मागितला तर १० के चा (१० हजार ओहमचा) कार्बन पॉट, म्हणजे फिरता रेझिस्टर, हातात पडण्याची शक्यता दाट. तो लाइन-लेव्हलच्या, म्हणजे ॲम्पमध्ये जाणाऱ्या, बारीक सिग्नलसाठी असतो. स्पीकरच्या वायरीत लावला तर आवाज जवळजवळ बंद होतो आणि नॉब वर नेताना आतला ट्रॅक जळतो. म्हणून 'आठ ओहमचा एल-पॅड, वायर-वाउंड' असं स्पष्ट मागा, आणि स्पीकर-दुरुस्तीचं सामान ठेवणाऱ्या दुकानातच मागा.

आत रेझिस्टन्स वायरीचे दोन ट्रॅक असतात, एक स्पीकरच्या सिरीजमध्ये आणि दुसरा त्याला समांतर. नॉब फिरवला की एक वाढतो आणि दुसरा घटतो, त्यामुळे ॲम्पला कुठेही सुमारे ८ ओहमच दिसतात. मोनोला तीन टोकं असतात: ॲम्पचं धन, स्पीकरचं धन आणि दोघांचं सामाईक ऋण. कोणतं टोक कोणतं, ते छापील आकृतीवर न सोडता मल्टिमीटरने बघा. स्पीकर न जोडता नॉब पूर्ण वर न्या. ज्या दोन टोकांत जवळपास शून्य ओहम दिसतील ती दोन धन टोकं, उरलेलं सामाईक. आता पूर्ण खाली न्या. सामाईक टोकाशी ज्याचे शून्य ओहम दिसतील ते स्पीकरचं आणि ज्याचे आठाच्या आसपास दिसतील ते ॲम्पचं. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध आधी वजा करायला विसरू नका. एवढ्या लहान आकड्यांत ०.३ ओहमही दिशाभूल करतो.

मग स्पीकरच्या जागी ८ ओहमच्या जवळचा रेझिस्टर लावून ॲम्पच्या बाजूने मोजत नॉब सावकाश फिरवा. वाचन सात ते नऊच्या आत राहिलं आणि मध्येच उडी मारली नाही, तर माल ठीक. दुकानदाराला मीटर चालत असेल तर हे काम काउंटरवरच उरकता येतं. तुळशीबागेतल्या घासाघिशीपेक्षा हे जास्त उपयोगी.

स्टिरिओ एल-पॅडमध्ये एकाच दांड्यावर दोन मजले असतात आणि ते एकसारखे चालतील याची खात्री नसते. फोनवरून ३०० हर्ट्झचा सूर वाजवा आणि दोन्ही स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. साधे मल्टिमीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच एसी नीट दाखवतात, म्हणून १००० हर्ट्झचा सूर घेऊ नका. एकीकडे १.०० आणि दुसरीकडे ०.८९ व्होल्ट आले तर तो १ डीबीचा फरक झाला. एक डीबीने मधला आवाज सरकलेला कान देऊन ऐकणाऱ्याला कळतो. नॉब जसजसा खाली येतो तसतसा हा फरक वाढतो.

आता मुख्य आक्षेप. एल-पॅड कमी केलेला आवाज उष्णतेच्या रूपाने फेकतो. ३ डीबीला निम्मी शक्ती, ६ डीबीला पाऊण, १० डीबीला नव्वद टक्के. रोजच्या ऐकण्यात स्पीकरला एक-दोन वॅट जातात, तेव्हा काही कळत नाही. पण गणपतीत घर भरलं आणि ॲम्पने २० वॅट सोडले, तर ६ डीबीवरचा एल-पॅड १५ वॅट एकटा पितो आणि त्यातले १० सिरीजच्या ट्रॅकवर पडतात, तेही ट्रॅकच्या वापरात असलेल्या अर्ध्या भागावर. वर छापलेला '१०० वॅट' हा आकडा सतत झेपणारी शक्ती समजू नका. भिंतीतल्या बंद पेटीत किंवा लाकडी शोकेसच्या मागे तो कोंबणं धोक्याचंच आहे.

दुसरा आक्षेप आवाजाच्या प्रतीचा. ॲम्प स्पीकरच्या कोनला थेट वायरीतून आवरून धरतो, आणि मध्ये एल-पॅड आला की ही पकड (डॅम्पिंग) सुटते. ६ डीबीच्या जागी स्पीकरला मागे वळून सुमारे २.७ ओहमचा रोध दिसतो. '८ ओहम'चा स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. वूफरच्या अनुनादापाशी तो ३० ओहमवरही जातो. हिशेब केला तर तिथे आवाज सुमारे पावणेदोन डीबीने उचलला जातो. तबल्याच्या रेकॉर्डिंगवर हे स्पष्ट ऐकू येतं. डग्गा फुगतो आणि त्याची घुमार हात उचलल्यावरही रेंगाळते. चाट जिथल्या तिथे राहते. नुसता एक ८ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकण्याची जी युक्ती सर्रास सांगितली जाते, तिच्यात हीच फुगवण जवळपास ४ डीबी होते. त्यामानाने एल-पॅड पुष्कळ बरा. पण 'आवाजात काहीही फरक पडत नाही' हा विक्रेत्यांचा दावा खरा नाही.

शिवाय आपला पावसाळा. सरकणारा संपर्क महिनोन्महिने एकाच जागी राहिला की दमट हवेत त्यावर थर धरतो, नॉबला हात लावला की खरखर येते आणि कधी एक बाजू अचानक बंद पडते. काँटॅक्ट क्लीनर मारून दहा-पंधरा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवलं की काही काळ निभावतं.

स्पीकर ४ ओहमचा असेल तर ८ ओहमचा एल-पॅड घेऊ नका. जिथे ६ डीबी कमी व्हायला हवेत तिथे ८ होतात आणि ॲम्पला दिसणारा भारही जागोजागी बदलतो. स्पीकरवर मीटर लावल्यावर ६ ओहम दिसले म्हणून तो ६ ओहमचा होत नाही. मीटर डीसी रोध दाखवतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध साडेपाच ते साडेसहा असणं नेहमीचंच.

स्थिर रेझिस्टर

फिरता एल-पॅड लावून, ध्वनिमापक समोर ठेवून पातळ्या जुळवा. नॉबला हात न लावता एल-पॅड दोन्ही बाजूंनी सोडवा आणि दोन वाचनं घ्या: ॲम्पच्या धनापासून स्पीकरच्या धनापर्यंत, आणि स्पीकरच्या धनापासून सामाईकपर्यंत. हेच तुमचे सिरीजचे आणि समांतर रेझिस्टर. मीटरचा भरवसा नसेल तर ८ ओहमच्या स्पीकरसाठीचे आकडे असे. २ डीबीसाठी सिरीजमध्ये १.६५ आणि समांतर ३१ ओहम. बाजारात मिळणारे १.५ आणि ३३ चालतात. ३ डीबीसाठी २.३४ आणि १९.४, म्हणजे २.२ आणि १८. ६ डीबीसाठी ४ आणि ८, म्हणजे ३.९ आणि ८.२. १० डीबीसाठी ५.५ आणि ३.७, पण इतका फरक असेल तर खरं म्हणजे स्पीकरच बदलावा. ४ ओहमच्या स्पीकरला हे सगळे आकडे निम्मे.

पांढरे सिमेंटचे १० वॅटवाले वायर-वाउंड रेझिस्टर घ्या. ते काही रुपयांचं काम आहे, आणि सरकणारा संपर्कच नसल्याने खरखरीचा प्रश्न मिटतो. दोन्ही बाजूंना एकच माप येतं. जोडण्याआधी दहा-बारा रेझिस्टर मोजून जवळचे दोन-दोन निवडले तर आणखी उत्तम. टॅग-स्ट्रिपवर (सोल्डर करायच्या टोकांच्या पट्टीवर) किंवा सिरॅमिकच्या कनेक्टरवर बोर्डापासून थोडे वर उचलून बसवा, सोल्डरचे टाके भरपूर द्या, आणि स्पीकरच्या पेटीत आतल्या कापसाला किंवा फोमला टेकतील असे अजिबात ठेवू नका. डॅम्पिंगचा आक्षेप इथेही लागू आहे, कारण सर्किट तेच. म्हणून ३ डीबीपर्यंत निर्धास्त, ६ डीबीपर्यंत चालेल, त्यापुढे नको.

बाजारात दोन-चार बटणांचे स्पीकर-सिलेक्टरही मिळतात. त्यांतल्या काहींत ॲम्पच्या संरक्षणासाठी एक सिरीज रेझिस्टर टाकलेला असतो. पातळी जुळवायला त्याचा उपयोग नाही आणि डग्गा तो तसाच फुगवतो. मागे तो बंद करायचं बटण असेल तरच घ्यावा.

भिंतीवरचा ट्रान्सफॉर्मर नॉब

डायनिंगचा आवाज जेवताना हवा, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी नको, अशी रोजची गरज असेल तर हीच वस्तू. किंमत एल-पॅडच्या कितीतरी पट, पण कारण खरं आहे. हा आवाज जाळून कमी करत नाही, ऑटोट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टॅपवरून (वेटोळ्यातून मध्येच काढलेल्या टोकांवरून) घेतो. त्यामुळे उष्णता नगण्य, डॅम्पिंग शाबूत, आणि ॲम्पवरचा भार उलट हलका होतो. ३ डीबी कमी केलं की ८ ओहमचा स्पीकर १६ चा दिसतो आणि ६ डीबीला ३२ चा. दोन जोड्या समांतर लावल्यावर ॲम्पला ४ ओहम दिसतात आणि तीन लावल्यावर २.७. अनेक ॲम्प ४ च्या खाली जाऊ देत नाहीत. एल-पॅड ही अडचण सोडवत नाही, ट्रान्सफॉर्मर सोडवतो. बऱ्याच नॉबच्या मागे २, ४, ८ असे जंपर (जोडणी बदलायच्या छोट्या पिना) असतात ते यासाठीच. २ वर ठेवला की पहिल्याच पायरीला ३ डीबी गेलेले असतात, ४ वर ६ आणि ८ वर ९. तीन-चार खोल्या असतील तर सगळ्या नॉबचे जंपर सारखेच ठेवा, नाहीतर मोजलेल्या पातळ्या पुन्हा विस्कटतात.

पायऱ्या मात्र साधारण ३ डीबीच्या असतात. दोन खोल्यांसाठी ठीक, एकाच जोडीतला डावा-उजवा जुळवायला कुचकामी.

बासमध्ये स्वस्त आणि महाग यांतला फरक उघडा पडतो. लोखंडी गाभा लहान असेल तर खालच्या सुरांना तो संपृक्त होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो. ४० हर्ट्झचा सूर हळूहळू वाढवत न्या. स्पीकर थेट जोडल्यावर न येणारी गुरगुर नॉबमधून येऊ लागली तर गाभा तोकडा आहे. हातात घेतल्यावर जड लागणारा नॉब निवडा. हा ढोबळ नियम आहे, पण फसवत नाही.

जोडण्याआधी ॲम्पच्या स्पीकर-टर्मिनलवर डीसी मोजा, गाणं बंद ठेवून. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. त्याहून जास्त असेल तर आधी ॲम्प दुरुस्तीला द्या, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा डीसी रोध अगदी कमी असतो. डीसी त्यातून सरळ वाहतो आणि गाभा आधीच भरून टाकतो. ॲम्प आणि स्पीकर अशी लिहिलेली टोकं उलटी जोडली तर ६ डीबीच्या टॅपवर ८ ओहमचा स्पीकर ॲम्पला २ ओहमचा दिसतो. बाहेरून आलेल्या नॉबची पट्टी आपल्याकडच्या मॉड्युलर प्लेटमध्ये बसत नाही आणि ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या उथळ पेटीत मावत नाही, तेव्हा फर्निचरवाल्याला आधीच माप द्या.

'१०० व्होल्ट लाइन'चा नॉब तेवढा टाळा. शाळा, मंगल कार्यालयं आणि दुकानांतल्या पीए (सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या) स्पीकरसाठीचे हे नॉब दिसायला अगदी असेच असतात आणि बाजारात जास्त सहज मिळतात. ८ ओहमच्या घरगुती स्पीकरला ते चालत नाहीत.

सामाईक ऋणाची भानगड

छोट्या क्लास-डी ॲम्पमध्ये, उदाहरणार्थ टीपीए३११६ चिपच्या बोर्डांत, आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. तिथे काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे, त्यावरही सिग्नल असतो. डाव्या-उजव्याची काळी टोकं सिलेक्टरमध्ये किंवा स्टिरिओ एल-पॅडवर एकत्र आली की एक चॅनेल दुसऱ्याशी शॉर्ट होतो. ॲम्प बंद करून, प्लग काढून, दोन काळ्या टर्मिनलमध्ये कंटिन्युइटी (आतून सलग जोड आहे का) मीटरने बघा. जुळलेली नसतील तर सगळीकडे चार स्वतंत्र वायरी ओढा. इंटिरिअरच्या वेळी भिंतीतून तीनच वायरी काढून ठेवलेल्या घरात असा ॲम्प लावायचा नाही.

६ डीबीसाठी खरेदी

हॉलमधला स्पीकर ६ डीबीने जास्त निघाला तर ३.९ शोधत बसू नका. ८.२ ओहम, १० वॅटचे तीन रेझिस्टर प्रत्येक स्पीकरला लागतील. दोन एकमेकांना समांतर जोडून सिरीजमध्ये टाकायचे, म्हणजे ४.१ ओहम होतात आणि उष्णता दोघांत वाटली जाते. तिसरा स्पीकरच्या दोन टर्मिनलवर आडवा. ॲम्पला ८.१५ ओहम दिसतील आणि आवाज ६.१ डीबीने उतरेल. एका जोडीला सहा रेझिस्टर आणि दोन टॅग-स्ट्रिप. मोजून निवडायला चार-पाच रेझिस्टर जास्तीचे घ्या.